चौथं रीळ आधी

दर रविवारी, साडेआठच्या सुमारास,
नाशिकरोडला, बिटको चौकाच्या अलीकडे
आम्ही चौघं मिसळीवर बसतो
आणि ठरवतो,
जगातला सगळ्यात थोर विज्ञानपट कोणता.
एकवीस वर्षं झाली. अजून ठरलेलं नाही.

बोरस्ते ओझरला विमानाच्या कारखान्यात होते.
त्यांचं मत ठाम: चंद्रावर विहीर खणतात तो.
"त्यातला एकेक रिव्हेट खरा आहे, भो.
यान हलतं तेव्हा आधी पत्रा कण्हतो, मग माणूस.
बाकी सगळे पिक्चर पुठ्ठ्याचे."
असं म्हणून पापड मोडतात,
तोही मोजून, चार तुकडे.

सायलस शरणपूरचे, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर.
त्यांना लोखंडी सुईण आवडते,
मंगळावरचं पहिलं बाळ जिच्या हातात येतं
आणि जिला कळत नाही, थोपटायचं किती जोरात.
"विहिरीला पाणी लागलं की तुमचा पिक्चर संपला.
आमचा बाळ रडल्यावर सुरू होतो."
बोरस्ते म्हणतात, मंगळावर हवा कुठे, रडणं ऐकू कसं येईल?
सायलस म्हणतात, खोलीत होती हवा. तुम्ही झोपला होतात.
मग तर्री मागवली जाते.

गांगुर्डे शेवटी बोलतात.
छत्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये
ताव उलटत चुका पकडल्या त्यांनी,
आकडा सरकलेला, शाई फुटलेली;
सापडली की नोंद, नोंद झाली की नाश.
ते म्हणतात, सगळ्यात थोर तो,
पंच्याऐंशी साली शाळेच्या हॉलमध्ये पाहिलेला.
माणूस ताऱ्याकडे जातो आणि परत येतो.
फक्त आपल्याकडे तो आधी आला
आणि मग गेला.

चौथं रीळ आधी लागलं होतं, तिसरं नंतर.
म्हातारी दार उघडते.
दारात तिचा नवरा, अजून तिशीचाच, काखेत हेल्मेट.
ती म्हणते, "पाय पूस." एवढंच.
आणि मग, दहा मिनिटांनी, तीच बाई तरुण,
तळावरच्या कठड्याला धरून उभी,
यान उडतं
आणि ती हसते.

"पुढे टीव्हीवर बघितला मी तो, नीट क्रमाने,"
गांगुर्डे म्हणतात. "बरा होता.
बाई निरोप देते, बाई वाट बघते. असं कुठेही होतं.
हयातभरात एकच चुकीची छपाई मी जाळू दिली नाही.
ती ही."

मग तिघं माझ्याकडे बघतात,
कारण मशीनवर मी होतो.
"रज्जाक, तेवढी एक चूक झकास केलीस तू."
मी हसतो. लिंबू पिळतो.

लाइट गेली होती त्या रात्री, अकरा मिनिटं.
अंधारात हाताला लागला तो डबा मी चढवला.
ते खरं.
पण लाइट आली, म्हातारीचा हात कडीवर दिसला,
तेव्हाच मला कळलं होतं.
स्विच बोटाखाली होता.
छोट्या खिडकीतून खाली बघितलं:
दीडशे डोकी, एकही हलेना,
पहिल्या रांगेत गांगुर्डे, तेव्हा केस होते त्यांना,
तोंड उघडं.
मी बोट काढून घेतलं.

हे मी कधी सांगितलेलं नाही.
सांगितलं तर ती चूक राहणार नाही,
आणि गांगुर्ड्यांनी मग जपलं काय?
शिवाय बोरस्ते विचारतील,
आमच्या विहिरीचं काय केलं होतंस रे?
(एक रीळ तुटलेलं होतं, लावलंच नाही.
पाणी इतकं अचानक लागतं ते त्यामुळे.)

आज बिलाची पाळी गांगुर्ड्यांची.
वरून ओझरकडे काहीतरी घरघरत जातं,
बोरस्ते मान वर न करता इंजिन सांगतात.
सायलस म्हणतात, चूक.
गांगुर्डे पाचशेची नोट काढतात
आणि द्यायच्या आधी, सवयीने,
उजेडाकडे धरतात, एक डोळा मिटून.
पोरगा हात पुढे करून थांबलेला.
दोन क्षण आम्ही कुणीच बोलत नाही.
मग ते नोट देतात.